अण्णांचा अंगठा आणि सात वार

आमच्या चामराजपेटच्या घरात नखं कापायला वारच उरले नव्हते. सोमवारी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उपास. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारी चालत नाही असं शेजारच्या अक्का एकदा बोलून गेल्या आणि आईनं तो नियम काहीही चौकशी न करता दत्तक घेतला. राहिला बुधवार. पण घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्या दिवशी नखं कापायची नाहीत, हा आईचा सगळ्यात कडक नेम, आणि मी कामासाठी एक बुधवार आड हुबळीची गाडी धरते. उरलेल्या बुधवारी एकादशी आली की संपलंच.

अण्णांनी यावर तोडगा काढला होता. हाती लागलेल्या बुधवारी ते पुढची सगळी बेगमी करून टाकत. पायाची नखं पार मुळापर्यंत, कोपरे आत शिरून गोल. झालं की पाय पुढे करून आम्हाला दाखवत. मला हा सगळा मूर्खपणा वाटायचा आणि तसं मी तोंडावर म्हणायचेही. कोणी ऐकायचं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं. अंगठा लाल आणि टम्म. अण्णांना साखरेचा आजार, म्हणून डॉक्टरकडे चला असं मी कानीकपाळी ओरडत होते. पण आधी अक्कांचं ऐकायचं ठरलं.

"लिंबू घाला अण्णा. स्वल्प आग होईल, पण सरी होतं, एकदम बरं," असं आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणत त्यांनी लिंबाला भोक पाडलं, आत हळद भरली आणि ते अंगठ्यावर टोपीसारखं चढवलं. दुसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा अण्णा तसेच लंगडत दार उघडायला गेले. कुरियरवाल्यानं उंबऱ्यावरचं हळदीनं माखलेलं लिंबू पाहिलं, आणि पार्सल जागच्या जागी टाकून तो पळत सुटला. अजूनही तो फाटकाच्या आत येत नाही.

चौथ्या दिवशी पू दिसला तेव्हा कुठे आम्ही तिघं जयनगरच्या दवाखान्यात गेलो. तो नेमका शनिवार होता. डॉक्टरीणबाई मूळच्या बेळगावच्या.

"काय ओ काका, उंदरानं कुरतडलंय की काय?" त्यांनी विचारलं. नखं कधी कापता, या प्रश्नाला उत्तर म्हणून आईनं सातही वार नीट समजावून सांगितले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"बधिर करून नखाची एका बाजूची पट्टी आत्ताच काढून टाकते. दहा मिनिटांचं काम."

"आज शनिवार," आई म्हणाली.

"मग मी परत इथं मंगळवारी असते."

"मंगळवारी तर मुळीच नको."

आपण आपलं कापलं तर ते नख कापणं, दुसऱ्यानं कापलं तर ते ऑपरेशन, असं अण्णांनी सुचवलं. आईला ते पटलं नाही. दवाखाना म्हणजे काही आपलं घर नव्हे, असं मी म्हणून पाहिलं.

"पाय तर घरचाच आहे ना?" आई म्हणाली.

"काकू," बाईंचा आवाज आता खाली आला होता, "साखर एवढी वाढलेली. हे हाडापर्यंत गेलं तर नख नाही, बोट कापावं लागंल."

मी घाबरले होते. तरीही क्षणभर वाटलं, आता आई बोट कापायला कोणता वार चालतो ते विचारणार. पण तिनं अण्णांचं पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरलं.

"कापा," ती म्हणाली. "मारुतीचं मी बघून घेते."

सुई अण्णांना टोचली, ओरडली आई.

अंगठा वाचला. निघताना बाईंनी बजावलं: नखं सरळ रेषेत कापायची, कोपऱ्यांना हात लावायचा नाही, थोडी पांढरी कड ठेवायची, चप्पल-बूट पुढून रुंद हवेत, पाय रोज बघायचे. आईनं हे सगळं देवघराशेजारी लिहून लावलं. तेव्हापासून अण्णा नखं कापायला बसले की ती स्वयंपाकघरातून "कोपरा!" म्हणून ओरडते. वार मात्र एकेक करून सुटले. आता मंगळवारी कापतात, शुक्रवारीसुद्धा.

परवाच्या बुधवारी सकाळी मी हुबळीला निघाले होते. अण्णांनी नेलकटर हातात घेतलं, आणि आईनं ते काढून घेतलं. मी चिडले.

"आता कसला नेम? सगळे देव तर सोडलेस."

"ते देवांचे होते," आई म्हणाली. "हा माझा आहे. तू पोचल्याचा फोन कर, मग कापतील."

दुपारी हुबळीला उतरल्याबरोबर मी फोन लावला. अण्णांनी पहिल्याच रिंगला उचलला. "पोचलीस?" एवढंच विचारलं, आणि माझं "हो" पुरं होण्याआधीच मला नेलकटरचा आवाज ऐकू आला.