सुई नाही, पुडी नाही

नंदाखाल गावच्या प्रल्हाद डॉक्टरांचं दुखणं एकच, लोकांचा त्यांच्यावर फार विश्वास. आता विश्वासावर दवाखान्याचं वीजबिल भरता येतं का, सांगा! ताप-खोकल्याचे पेशंट कधीच हायवेजवळच्या मोठ्या हॉस्पिटलकडे वळले होते. तिथं कॅशलेस, तिथं एसी. डॉक्टरांकडे यायचे ते तिथले रिपोर्ट. जाडजूड फाईल घेऊन माणसं यायची, ‘जरा बघून सांगा ना’ म्हणायची, शंका फेडून घ्यायची आणि पिशवी उचलून चालू पडायची. सुई नाही, पुडी नाही, मग फी कसली? घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजण्यात डॉक्टरांचे केस पिकले.

हल्ली मात्र त्यांना खुर्चीत बसवेना. समोरचा बोलत असला की यांची नजर दाराकडे. जेवताना फोन वाजला की घास तोंडातच फिरायचा. त्यात गावातल्याच मार्गारेट मावशींची फाईल. कॅन्सर यकृतात पसरला होता, डॉक्टरांना ते पहिल्याच खेपेला दिसलं. हॉस्पिटलवाले ‘पुढच्या डोसला या’ एवढंच सांगायचे. मावशींना खरं सांगायचं, तर त्यांच्याजवळ बसावं लागणार, त्यांना रडू द्यावं लागणार. तेवढं बळ आणायचं कुठून? ‘औषध चालू आहे ना, मग झालं,’ असं म्हणून त्यांनी मावशींना दर खेपेला वाटेला लावलं.

शेवटी त्यांची बायको हेमांगी वैतागली. “तुम्हाला मागायची लाज वाटते ना? मी लावते पाटी.” आणि लावलीच: ‘रिपोर्ट समजावून सांगण्याची फी दोनशे रुपये.’ बाकडं ओस पडलं. डॉक्टर बदलले हो, असं गावात सुरू झालं. डॉक्टरांना वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, हायसंही वाटलं.

त्या आठवड्यात मावशी आल्या. पाटी वाचून त्यांनी कमरेचा बटवा सोडला.

“मावशी, तुमच्याकडून नको.”

“घ्या. फुकट यायची तेव्हा विचारायला जीभ रेटत नव्हती. बाहेर माणसं ताटकळलेली, आणि तुम्ही घड्याळ बघताय. आज पैसे दिलेत, आज खरं सांगा. माझी शर्ली कुवेतला कामाला आहे. विचारते, मम्मी, आत्ता येऊ की नाताळला?”

 नोटा टेबलावर तशाच पडून राहिल्या.

“आत्ता बोलवा,” ते म्हणाले.

मावशी टेबलाची कड चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“होतं.” डॉक्टर म्हणाले. “दमलो होतो, मावशी.”

 तिथंच बसून मावशींनी शर्लीला फोन लावला.