खोड सांगून विकणारे काकाजी

रविवार, ११ नोव्हेंबर १९७९. सकाळचे दहा. स्थळ: इंदोऱ्यात काकाजींच्या घराचं अंगण. हजर: स्वतः काकाजी, काकी, माझा धाकटा भाऊ मधू, माझे यजमान आणि मी. विषय: गाडी ठेवायची की विकायची.

कन्याशाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क म्हणून अर्धं आयुष्य गेल्यामुळे घरातली बैठकसुद्धा अशीच टिपून ठेवायची मला सवय आहे. काकाजी त्यावरून मला चिडवत. "शालू, सूचक-अनुमोदकही लिही वं. काकीनं चहा आणला, सर्वानुमते मंजूर." त्या दिवशी मात्र त्यांनी चिडवलं नाही. अंगणातल्या खाटेवर बसून ते समोर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहत होते.

मी लिहिलेला विषय खरा नव्हता. खरा विषय असा होता की काकाजींना उजव्या बाजूचं दिसेनासं झालं होतं आणि ते गाडी चालवणं सोडत नव्हते. दिवाळीनंतर जरीपटक्याच्या बाजारात त्यांनी संत्र्यांच्या हातगाडीला धडक दिली. हातगाडीवाला वेळेवर बाजूला उडी मारून वाचला. संत्री रस्ताभर घरंगळली. काकाजी खाली उतरले, त्याच्याबरोबर वाकून संत्री वेचली आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "तो मधात आला." तो मधात आला नव्हता, उजव्या बाजूनं सरळ येत होता. मी मागच्या सीटवरून पाहिलं होतं. पण ते त्यांच्या तोंडावर बोलण्याची छाती आमच्यापैकी एकाचीही नव्हती. म्हणून काकी, मधू, माझे यजमान आणि मी, अशा चौघांनी आधीच स्वयंपाकघरात ठरवून ठेवलं होतं, की दोष गाडीला द्यायचा. गाडी म्हातारी झाली, तेल खाते, आता काढून टाका, असं म्हणायचं.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील लवकर गेले आणि आमची शिक्षणं, लग्नं त्यांनीच केली. नोकरी सरकारी, गुरांच्या डॉक्टरची. सारा जन्म काटोल तालुक्यातल्या गोठ्यांत गेल्यामुळे त्यांना जगातली कुठलीही गोष्ट जनावरावरून समजावून सांगता येत असे. "उभं जनावर सारंच चांगलं दिसते. चालवून पाहावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझे यजमान मला पाहायला आले, तेव्हा चहा झाल्यावर काकाजी त्यांना म्हणाले, "जरा त्या पानठेल्यापर्यंत जाऊन येता का?" बिचारे गेले आणि आले. काकाजी ओसरीवरून पाहत होते. नंतर आत येऊन काकीला म्हणाले, "चाल सरळ हाय. होऊ दे."

त्यांचा दुसरा नेम बैलबाजारातला. विकणाऱ्यानं जनावराची खोड आधी सांगायची, किंमत मागून. बाजारातले सगळेच ही रीत पाळत असं नाही. काकाजी मात्र ती घरातही पाळत. "खोड सांगून देल्लेलं जनावर वापस येत नाही," असं ते म्हणत. मधूच्या लग्नाची बोलणी चालू असताना ते मुलीच्या वडिलांना सरळ म्हणाले, "मुलगा हुशार हाय, नोकरी पक्की हाय. पण सकाळी उठत नाही, अन् रागावला का दोन-दोन दिवस बोलत नाही. चालत असंल तं पुढं बोलू." मुलीच्या वडिलांना हे इतकं आवडलं की त्यांनी तिथंच होकार दिला. मधूच्या बायकोनं पुढे अनेक वेळा ऐकवलं, "मला काय, आधीच सांगून दिलं होतं."

गाडी त्यांनी एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याकडून सेकंडहँड घेतली होती. काळी अॅम्बॅसेडर. पगाराच्या मानानं ती चैनच होती, आणि काकाजी चैनीचे नव्हते. खूप वर्षांनी एकदा मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. छप्पनच्या दीक्षेनंतरही कित्येक गावांत त्यांना पूर्वीच्याच जातीनं ओळखत. "गाय अडली का मले बोलवायले माणूस धावत ये. गोठ्यात मी चालत होतो. ओसरीवर नाही. मंग डबा कुठं खायचा? झाडाखाली. पावसात? म्हणून गाडी घेतली. काच वर केली, डबा उघडला, आपली ओसरी आपल्यासोबत." हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. पण स्वयंपाकघरात ठराव करताना हे मला आठवत होतं, आणि गाडी काढा म्हणणं माझ्या जिवावर आलं होतं.

तोवर मैलांचा काटा एकदा पूर्ण फिरून शून्यावर येऊन पुन्हा पुढे निघाला होता. गाडीच्या आत फिनेलचा वास कायमचा मुरला होता. मागच्या सीटवर एकदा वासरूही बसून आलं होतं.

मधूनं गिऱ्हाईक आणलं होतं. काटोलचे राऊतजी, संत्र्यांचे व्यापारी. बाग पाहत हिंडायला त्यांना दणकट जुनी गाडी हवी होती. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं. चहा पिऊन ते उठले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"थांबा," काकाजी म्हणाले. "पयले खोड सांगतो, मंग पाहा."

"सांगा."

"तेल पिते. हिवाळ्यात सकाळी लवकर उठत नाही. तिसऱ्या गिअरवर हात ठेवून बसा लागते, नाही तं निसटते. मागचं डावं दार आतून उघडत नाही. अन् हॉर्न वाजवला का वायपर हालते."

राऊतजींनी मान हलवली. वाकून खालून पाहिलं. "पत्राही गेला म्हणा. सडून राहिला."

आमच्या ठरावाप्रमाणे इथं सगळ्यांनी हो म्हणायचं होतं. पण माझे यजमान, ज्यांनी आयुष्यात त्या गाडीबद्दल कधी चांगला शब्द काढला नव्हता, ते म्हणाले, "काटोलच्या रस्त्यानं इतकी वर्षं चालली तर कोणाचाही पत्रा सडेल, राऊतजी."

"बसायची गादीही बसली हाय."

"डॉक्टरसाहेबाच्या वजनानं बसली," मधू म्हणाला. "तुमच्या वजनानं उठंल."

दारातून काकी बोलल्या, "मले सांगा, रस्त्यात कधी टाकून देल्लं का तिनं? एकदा तरी?" हे त्या कोणाला विचारत होत्या, कळलं नाही. मी गप्प बसायला हवं होतं. पण परक्या माणसानं आमच्या गाडीला बोट लावून नावं ठेवावीत, हे मलाही सहन होईना. इंजिनाचं काम गेल्याच वर्षी झालंय, हे मी सांगून टाकलं.

राऊतजी कंबर धरून सरळ झाले. आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मी बाजारात लय जनावरं घेतले," ते म्हणाले. "मालक म्हणते चांगलं, घेणारा म्हणते वाईट, अशी रीत असते. इथं मालक वाईट म्हणून राहिला अन् घरचे चांगली म्हणून राहिले. मंग विकून काहून राहिले गा तुम्ही?"

 मधू मडगार्डवरची धूळ पुसू लागला. मी काकाजींकडे पाहायचं टाळलं. ते उठले, गाडीपाशी आले आणि पुढच्या बंपरवर बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"एक खोड सांगायची राह्यली," ते राऊतजींना म्हणाले. आमच्याकडे पाहून नाही, राऊतजींकडे पाहून. "ते गाडीची नाही, चालवणाऱ्याची हाय. मले उजव्या डोळ्यानं दिसत नाही. काचबिंदू हाय. डॉक्टरनं पोळ्याच्या आधीच सांगतलं, आता हे दुरुस्त होत नाही, गाडी सोडा."

"पोळ्याच्या आधी?" काकी पायरी उतरून खाली आल्या. "अन् मले नाही सांगतलं?"

"तुले सांगून काय करू? तू सारा मोहल्ला गोळा करते."

"मग चालवत का राहिलात?" मी विचारलं. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"काहून म्हणजे? दर रविवारी तुमचं सुरूच असते. काकाजी, इथं सोडा. काकाजी, तिथं न्या. जावईबापू तं घरून तयार होऊनच येते. एवढे लोक भरवशावर बसले तं नाही कसं म्हणावं? मले तं स्टिअरिंगवर बसायचं म्हटलं का नको वाटते बावा. त्या हातगाडीवाल्यापासून झोप नाही."

माझे यजमान दर रविवारी समोर, काकाजींच्या शेजारी बसत आणि वाटेत सहज गप्पा मारल्यासारखं म्हणत, "उजवीकडून रिक्षा येऊन राहिला, किती भरला आहे बघा." त्यांना गाडीची हौस नव्हती. काकाजींना एकटं जाऊ द्यायचं नाही, म्हणून आम्ही पाळीपाळीनं कामं काढत होतो. मधूनं तेवढं तुटक-तुटक सांगितलं. "काकाजी, आम्ही तुमच्यासाठी बसून राहिलो होतो. तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून."

काकाजींनी हे ऐकून घेतलं, चष्मा पुन्हा चढवला. "म्हणजे मी तुमच्यासाठी चालवून राह्यलो होतो अन् तुम्ही माह्यासाठी बसून राह्यले होते," ते सावकाश म्हणाले. "अन् मधातल्या मधात तो संत्र्यावाला मरत होता."

पहिले हसले राऊतजी. मग काकाजी स्वतः. मग आम्ही. कित्येक महिने छातीवर असलेलं ओझं असं एका वाक्यानं उतरेल, असं मला वाटलं नव्हतं. काकी हसता हसता पदरानं डोळे टिपत होत्या आणि तोंडानं काकाजींना शिव्या घालत होत्या.

"मंग माह्यं येणं फुकट गेलं म्हणा," राऊतजी म्हणाले.

"फुकट कसं? जेवून जा," काकी म्हणाल्या. राऊतजी राहिले. आमच्या पंगतीला मांडी घालून बसले आणि पाटोडीचा रस्सा दोनदा मागून घेतला. काकाजी आपलं जेवण थांबवून थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. 

जेवणानंतर बैठक पुढे चालू झाली. गाडी ठेवायची की विकायची, हे आता कोणी विचारतसुद्धा नव्हतं. चालवणार कोण, एवढाच प्रश्न होता. मधूचं नाव काकाजींनी लगेच खोडलं. "रागावला का गाडीशीही बोलणार नाही." जावईबापूंची चाल सरळ, पण नजर पानठेल्याकडे, असं म्हणून तेही नाव गेलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "शालू चालवंल. ते सारं पाहून-लिहून करते." माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. लुना चालवत होते, पण चार चाकांचा विचार मनाला शिवला नव्हता.

जरीपटक्याच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. काकाजी शेजारी, डाव्या सीटवर. "उजवीकडचं तू पाह्य, डावीकडचं मी पाहतो," अशी त्यांनी कामाची वाटणी केली. क्लच सोडताना म्हणत, "दूध काढून झाल्यावर सडावरचा हात सोडते तसा सोड. एकदम सोडला का लाथ बसते." कोणी आडवं आलं आणि मी हॉर्न दाबला, की ऊन असो वा सावली, वायपर हलू लागत आणि काकाजी म्हणत, "हॉर्ननं जनावर सरकत नाही, भेते. थांब, त्याले जाऊ दे." आवाज कधी चढवला नाही. मैदानावर क्रिकेट खेळणारे पोट्टे मला पाहून खेळ थांबवत, त्यांच्याशीही ते गोडच बोलत.

लायसन्स मिळाल्यावर मी त्यांना पहिल्यांदा काटोल रोडनं नेलं. गिअर, क्लच, बैलगाड्या, ट्रक यांत मी घामाघूम. बऱ्याच वेळानं शेजारून आवाज आला, "शालू, या रस्त्यानं सारा जन्म गेला, पण मी फक्त रस्ताच पाह्यला वं. हे बगीचे आता पाहून राहिलो." डावीकडे संत्र्यांच्या बागा होत्या, फळांनी वाकलेल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर मान खिडकीला टेकून ते गाढ झोपले होते. माझ्या ड्रायव्हिंगला याहून मोठं प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

पुढची चार वर्षं आम्ही असे हिंडलो. काकी सोबत असत, कधी मधूची मुलं. दुसरा डोळा शेवटपर्यंत शाबूत राहिला. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी थोड्याशा आजारानं काकाजी गेले. फार त्रास झाला नाही, कोणाला घ्यावाही लागला नाही. राऊतजी काटोलहून आले होते. जाताना गाडीजवळ दोन मिनिटं उभे राहिले, आणि किंमत विचारली नाही.

गाडी आता माझ्याकडे असते. शाळा, बाजार, काकींचा दवाखाना, सगळं तिच्यावरच चालतं. पुढे जाण्यात मी पक्की आहे. मागे घेणं मात्र काकाजींनी शिकवलंच नाही. मी विचारलं की म्हणत, "ते मंग शिकू. पयले समोर पाह्य." अडचणीच्या जागी गाडी अडकली, की स्वतः खाली उतरत, रस्त्यातल्या दोन माणसांना "या गा जरा" म्हणून हाक मारत आणि मला न्यूट्रलमध्ये ठेवून गाडी मागे ढकलून देत. माणसं आनंदानं ढकलत. मी हाक मारली तर तितकी येत नाहीत. मधू शिकवतो म्हणतो, पण दोन दिवसांचा अबोला मला परवडणार नाही. त्यामुळे समोरून सरळ निघता येईल अशीच जागा पाहून मी गाडी लावते, त्यासाठी कधी कधी अर्धा मैल चालावं लागलं तरी. दर महिन्याच्या कामांच्या यादीत सगळ्यात खाली 'गाडी मागे घेणे, शिकणे' असं लिहिते. या महिन्याच्याही यादीत ते आहे.