कुडापलीकडचं पातेलं

गावोगाव देवी टोचत हिंडायची माझी नोकरी होती तेव्हाची गोष्ट. तळोद्यापुढच्या एका खेड्यात मी उन्हाचा कॅथलिक लोकांच्या प्रार्थनाघरात टेकायचो. फादर महिन्याकाठी एकदा घोड्यावरून येत. एरवी सगळा कारभार तिथल्या धर्मशिक्षकाच्या गळ्यात. बिचाऱ्याचं स्वतःचं लग्न नुकतंच झालेलं, मिशीही धड फुटलेली नाही, आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांना संसाराचे धडे द्यायचे ते यानं! प्रार्थनाघर आणि त्याचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता काटक्या-मातीचा एक कूड होता.

“मी घरमा कधी चिडस नही,” तो छातीवर हात ठेवून सांगे. कुडापलीकडे पातेलं आपटे. तो घसा खाकरून म्हणे, “म्हंजे, फार चिडस नही.” पलीकडे शांतता. “भाकर करपनी तरी गुपचूप खाई लेस.” पुन्हा पातेलं. “बरं, एक डाव बोलनू व्हतू.” अशी घासाघीस होत होत धडा खऱ्यापाशी येई. त्याच्या बायकोचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण तिच्या पातेल्यावर माझा फार विश्वास होता.

एकदा गेलो तर एक जोडपं ओट्यावर ताटकळत बसलेलं. रविवारी फादर येणार, त्याआधी धडा झाला नाही तर लग्न महिनाभर पुढे. नवरामुलगा रडकुंडीला आलेला, आणि धर्मशिक्षक आपला नुसता दारात उभा.

“काय मास्तर, आज धडा नाही?” मी विचारलं.

“कसा देऊ, डाक्तर?” त्या मुक्या कुडाकडे बघत तो म्हणाला. “बायको माहेर गयी. आते मी खोटं बोलनू, तं माले कोन सांगी?”