गुमरानबाईंचा आरून लोकांवरचा दावा

दक्षिण कोरियातल्या चॉन्गजूच्या बाजारामागे प्यो गुमरानबाईंची लॉण्ड्री आहे. साठी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, पण जिभेला अजून गंज नाही. आईचा वेळ जावा म्हणून मुलीने दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला. बाई त्यात तलवार चालवायला काही शिकल्या नाहीत, भांडायला मात्र शिकल्या.

भांडण आरून लोकांवरून. आरून म्हणजे त्या खेळातली प्राचीन डोंगरी प्रजा. खोऱ्यातून विषारी धुकं चढू लागलं, तेव्हा त्यांनी डोंगराचं दगडी दार लावून घेतलं. आतले वाचले, बाहेर दार बडवणारे मेले. आता खेळातल्या प्रत्येक पथकाने न्याय करायचा होता: आरून दोषी की निर्दोष? निकाल एकदाच द्यायचा आणि त्याखाली सगळ्यांनी नावं घालायची. नाव न देणारा पथकाबाहेर.

खेळात बाईंचं नाव ‘आंबट मुळा’. बाईंच्या मते आरून दोषी, नायकाच्या मते निर्दोष. “मुळाजी, अक्कल लोणच्यात घातलीत का?” असं पथकाचा नायक लिहायचा, आणि बाई इस्त्री बाजूला ठेवून ते सव्याज परत करायच्या. दुकानात येणारं गिऱ्हाईक ‘डाग जाईल का’ एवढंच विचारतं. इथे कुणीतरी त्यांच्या मतावर तुटून पडत होतं. बाईंना त्याचं फार सुख होतं.

निकालासाठी सगळे रविवारी दुपारी एका हॉटेलात जमले. पथकातल्यांनी एकमेकांची तोंडं पहिल्यांदाच पाहिली. नायक निघाला मा तेहून नावाचा पंचविशीतला पोरगा. पांढऱ्या केसांच्या बाई दिसताच तो कमरेत वाकला. मग काय, मावशी हे घ्या, मावशी ते घ्या. दोन्ही हातांनी त्यांना सोजूची दारू ओतली, थोरांसमोर प्यायची तिथली रीत म्हणून स्वतः पिताना तोंड वळवलं, टेबलातल्या शेगडीवरचे डुकराच्या मटणाचे खरपूस तुकडे त्यांच्याच वाटीत घातले.

“मावशींचंच बरोबर आहे,” तो म्हणाला. “आरून दोषी. कोण कोण?”

झाडून सगळे हात वर.

बाईंचं डोकंच फिरलं. “अरे, परवा मला मूर्ख म्हणत होतास ना? आज मी शहाणी कशी झाले?”

“माहीत नव्हतं हो मावशी, माफ करा.”

शेजारी बसलेली पथकातली एक मुलगी हळूच म्हणाली, “मावशी, तुमच्या घरचं कुणी असंच बाहेर राहिलं होतं का?”

“कुणी राहिलं नाही! माझं सगळं गणगोत धडधाकट आहे. मत असायला आधी रडगाणं लागतं का? हात खाली घ्या सगळ्यांनी. हा कौल मला नाही, माझ्या केसांना आहे. तेहून, बोल. परवा लिहिलंस ते तोंडावर बोल.”

तेहूनचे कान लाल झाले. “बोलू? तुमचं चुकतंय, मावशी. दार उघडं ठेवलं असतं तर आतलं एकही पोर वाचलं नसतं. तुम्ही मेलेल्यांची बाजू घेता, कारण मेलेले उलट बोलत नाहीत!”

पलीकडच्या टेबलावरचे आजोबा डोळे वटारून बघू लागले. बाईंनी मात्र मांडी थोपटली.

“आता कसा बोललास! ऐक. दार लावलं, ते मी माफ करीन. पण नंतर त्या दारावर आतून भिंत घातली आणि तिच्यावर स्वतःच्या शौर्याची चित्रं रंगवली, ते नाही करणार.”

मग जी जुंपली! शेगडीवरचं मटण करपून कोळसा झालं. पुन्हा हात वर झाले, तेव्हा दोन सोडून सगळे आरूनांच्या बाजूचे होते. विरोधातला एक हात बाईंचा, दुसरा त्या मुलीचा. आरून निर्दोष सुटले.

“नाव घालतो तुमचं,” तेहून म्हणाला.

“खबरदार! जे मला पटत नाही त्याखाली माझं नाव नको.”

“मग पथकातून बाहेर जाल.”

“जाते.” बाईंनी पिशवी उचलली. वाईट वाटत होतं. पण पाय दाराकडे वळलेच.

“थांबा हो!” तेहून मागून ओरडला. “जायचं तर जा, पण आधी उत्तर द्या. भिंत घातली नसती तर त्यांनी काय करायचं होतं? रोज ते दार बघत जगायचं?”

गुमरानबाई वळल्या. परत येऊन पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली.

“हो,” त्या म्हणाल्या. “रोज बघत जगायचं.”