जमुनाची एकमताची निवड

मासळीबाजारात पहिल्या जागी कोणी बसायचं, हे दिवाळे गावच्या कोळणी दर शिमग्याला हात वर करून ठरवत. अठ्ठावन्न साली जमुना निवडून आली आणि तिला जागा फारच आवडली. पुढच्या शिमग्यापासून ती बाजाराच्या वाटेवरच विचारू लागली, “मीच बसू ना गो?” डोक्यावरची पाटी धरायला सगळ्यांचे हात वरच असत; जमुना तीच मतं धरी. पाटी उतरवायचा कंटाळा, म्हणून बायका नुसत्या हसत.

मागच्या कोपऱ्यापर्यंत गिऱ्हाईक पोचत नसे, तिथे कमळीचं म्हावरं रोज नासायचं. एका शिमग्याला तिने भर वाटेत पाटी उतरवली. “माजा हात खाली हाय, जमुनाबाय.”

“उचल ती पाटी, येडे.”

पण एकेक पाटी खाली येऊ लागली, बायका हसून लोळू लागल्या. शेवटी एकट्या जमुनाचाच हात वर उरला, तेव्हा तिलाही हसू आवरेना. त्या दिवशी पहिल्या जागी कमळी बसली.