काकूंचं विशेषण

करी रोडच्या आमच्या चाळीत इंग्रजी विशेषण लागल्याशिवाय कुणाला मरता येत नसे, आणि ही सोय शेजारच्या काकांनी केली होती. कुणी गेलं की जिन्याखालच्या फळ्यावर नाव आणि न्यायची वेळ खडूने लिहायची, ही चाळीची जुनी रीत. शिवडीच्या गोदामात जन्मभर खोक्यांवर लेबलं चिकटवलेल्या काकांना नुसतं नाव उघडंबोडकं वाटे. म्हणून ते खाली एक इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि तुलनेची तिन्ही रूपं लिहीत. रूपं गाळली तर माणूस अर्धवट राहतो, असं त्यांचं मत होतं. दुसऱ्या मजल्यावरचे भांडकुदळ आजोबा गेले, तेव्हा काकांनी 'आउटस्पोकन, म्हणजे तोंडावर बोलणारे' असं लिहिलं, पुढे मोअर आणि मोस्ट. आजी डोळे पुसत खाली आल्या, फळा वाचला आणि 'मोस्ट'खाली रेघ मारायला सांगून वर गेल्या. वाईट शब्द काकांनी कुणालाच दिला नाही. त्यापायी तिरडी बांधून तयार असायची आणि काका अजून डिक्शनरीत 'टी'वरच असायचे.

मग काकूंचं हृदयाचं दुखणं बळावलं. परळच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं, पण डॉक्टरांनी भरवसा दिला नाही. आदल्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर काकू नवऱ्याला फैलावर घेत होत्या.

"मेल्यावर लिवतलात तो शब्द माका कसो वाचूक गावतलो? आत्ताच सांगा."

काका गडबडले. त्यांनी 'टॉलरंट' म्हणून पाहिलं. सोसणारी हा अर्थ ऐकून काकूंनी मान फिरवली. 'सिंपल' तर त्यांनी समोरच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकायला सांगितलं. शेवटी काकांनी शब्दांच्या यादीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि चष्मा काढला.

"इंडिस्पेन्सेबल," ते म्हणाले. "म्हणजे तुझ्याशिवाय माजा चलना नाय. ह्येका मोअर-मोस्ट लागना नाय."

काकूंनी फिरवलेली मान पुन्हा त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "ह्या तुमी तोंडान कधी सांगूक नाय."

मला तिथे उभं राहणं जड झालं. डबा ठेवून मी बाहेर आलो.

ऑपरेशन झालं, पण काकू घरी आल्या नाहीत. काकांनी फळ्यावर नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि हात झटकले. विशेषण राहिलं का, असं मी हळूच विचारलं.

"नाय," काका म्हणाले, "तिका सांगून झाला."