शेजाऱ्यांचा पाण्याचा डबा

“अहो, साधं पाणी आहे ते! बाहेर पेशंट ताटकळलेत आणि तुम्ही डब्याचा सीटी स्कॅन काढत बसलाय?” सानपाड्याच्या स्कॅन सेंटरचे डॉक्टर असे ओरडले, की न्हावा शेव्याला लागणारं एखादं जहाज दचकून माघारी फिरलं असेल. आमचे शेजारी शांतपणे म्हणाले, “साधं आहे म्हणूनच. पाण्यात काही नसतं. तरी फोटोत दाणे दिसले, तर ते मशीनचे.” आणि तोच डबा त्यांनी पुन्हा आत सरकवला.

इतका संशयी आणि इतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नाही. सीटीच्या फोटोत मशीन स्वतःची खरखर, म्हणजे हे दाणे, किती मिसळतं, हे मोजणं ही त्यांची नोकरी. पण ती ते ऑफिसात ठेवून येत नाहीत. करावेला मासळी घ्यायला गेले की आधी रिकामा काटा तपासतात, मग पुन्हा रिकामाच. तिथली मावशी एकदा वैतागून म्हणाली, “दादा, तुला पापलेट नेयाचं हाय का काटा?” सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांचा आग्रह, की कुणीच बोलत नसताना गोंगाट किती असतो ते आधी कळू दे, मग लिफ्टचा विषय घ्या. आम्ही गप्प बसलो, आणि सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा सभा भांडणाशिवाय संपली. बायकोने “कशी दिसते?” विचारलं, तर हे आधी मागच्या भिंतीकडे बघतात, मग तिच्याकडे. ती माउली अजून नांदतेय, हा तिचा मोठेपणा.

त्या दिवशी मात्र मला हसू येत नव्हतं. त्याच मशीनवर माझ्या यकृतात एक ठिपका निघाला होता. बायकोने देव पाण्यात ठेवले होते आणि मी मनातल्या मनात फ्लॅट मुलीच्या नावावर करून मोकळा झालो होतो. शेजाऱ्यांना कळलं मात्र, ते डबा घेऊन सेंटरवर धडकले.

“आमची खरखर अगदी कमी आहे, मोजलीय,” डॉक्टर म्हणाले.

“फोटो पुसून मोजलीत का?”

टेक्निशियनने सेटिंग उघडून दाखवलं. दाणे पुसून फोटो गुळगुळीत करायची सोय चालू ठेवूनच त्याने खरखर मोजली होती. म्हणजे पावडर थापून सुरकुत्या मोजायच्या. पेशंटचे फोटो मात्र न पुसता निघत. सोय बंद केली तशी पाण्यात कुणी रवा सांडावा तसे दाणे उठले, त्यातले काही माझ्या ठिपक्याएवढे ठळक. डॉक्टरांचा आवाज एकदम वाचनालयातला झाला. “मशीन दुरुस्त करून यांचा पुन्हा काढू,” ते म्हणाले.

दुरुस्ती होईपर्यंत शेजारी रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत. “दाणाच असेल ना हो?” मी विचारायचो. “अजून माहीत नाही,” ते म्हणायचे. खोटा धीर त्यांना देता येत नाही. पण चहा निवला तरी उठत नसत, आणि झोप त्यांनाही नव्हती, हे डोळ्यांवरून दिसे.

नव्या फोटोत यकृत स्वच्छ निघालं. बायकोचे डोळे भरून आले. “भाऊजी, तुम्ही यांना वाचवलंत,” ती म्हणाली.

शेजारी दारात चपला शोधत होते. म्हणाले, “नाही वहिनी. यांना काही झालंच नव्हतं.”